मागे सरणारं पान

७ जानेवारी

चि. चिमणीस, मामाचा आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. टॅब पोचला का, एवढंच विचारणारी तुझी पत्रं येऊन पडली आणि मी आपला गप्प. पोचला गं बाई, धडधाकट पोचला. पण मी तो बरेच दिवस खोक्यातून बाहेरच काढला नाही. हातातून पडला तर? तापून पेटला तर? असलं काहीबाही पेपरात येतं आणि मला झोप लागत नाही. शेवटी खालचा लॉन्ड्रीवाला वर आला आणि म्हणाला, "मामा, बॉम्ब नाही तो, पुस्तक आहे." त्यानेच सुरू करून दिला. त्याच्या दुकानातलं वायफाय माझ्या खोलीपर्यंत येतं, तेही जोडून दिलं. तुला फोन केला असता, पण फोनवर तुझं बोलणं मला डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं. मग तू ओरडतेस आणि तुझ्या कवळ्यांच्या लॅबमधल्या मुली हसतात. त्यापेक्षा पत्र बरं.

तर, वाचतो मी. खरंच वाचतो. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून जाड पुस्तक हातात घ्यायची हिंमत नव्हती. पण इथे अक्षर हवं तेवढं मोठं होतं. मी इतकं मोठं केलंय, की एका वेळी चार ओळी मावतात. चार ओळींना कोण घाबरतो? सकाळचा चहा झाला की टॅब खिडकीशी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतो आणि वाचत बसतो. पहिल्या दिवशी पान उलटायला बोटाला थुंकी लावली. लॉन्ड्रीवाला हसून हसून खाली बसला. काचेवर डाग पडला तो वेगळाच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ती जहाजाची जाडजूड कादंबरी आहे ना त्यात, ती मी घेतली. हळूहळू चाललोय. जहाज आता एका ओसाड बेटापाशी नांगर टाकून उभं आहे. त्यातला एक माणूस होडीने पाणी आणायला गेलाय आणि बाकीचे त्याची वाट बघताहेत. तिथे मी परवा थांबलो. काल उघडलं, तर पुस्तकात वादळ चालू! बेट केव्हाच मागे पडलेलं. मला वाटलं, बोट लागलं असेल. मागे आणलं, चार-पाच पानं वाचली, ठेवलं. आज पुन्हा वादळाच्याही पुढे.

तुला ठाऊक नसेल, पण ताई आणि मी लहान असताना घरात पुस्तक एकच असायचं. ताई मोठ्याने वाचायची, मी ऐकायचो. नियम असा, की एकट्याने पुढे वाचायचं नाही. कोणी चोरून वाचलेलं कळलं, की त्याने मुकाट्याने मागे यायचं आणि सगळं पुन्हा वाचायचं. तुझी आई कितीदा पकडली गेली! पुढचं माहीत असलेला चेहरा लपत नाही. तोच नियम मी या टॅबला लावलाय. तो पुढे जातो, मी त्याला कान धरून मागे आणतो. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पुढे.

माझ्या खोलीत मी एकटा राहतो, चिमणे. मग हे वाचतंय कोण?

तुझा,
मामा

१५ जानेवारी

प्रिय मामा, नमस्कार.

टेबलभर लोकांचे दात मांडून बसले आहे आणि मधेच तुला लिहितेय. कागदावर गुलाबी डाग दिसला तर घाबरू नकोस, मेण आहे. तुझी कवळी कशी आहे? दुखत असेल तर घासून देते, पण ती पत्राने पाठवू नकोस. मागच्या वेळी पोस्टमन माझ्याकडे कसा बघत होता ते मला अजून आठवतं.

मामा, भूतबीत काही नाही. तुझा अंगठा कडेला टेकत असणार. जरा टेकला की पान पळतं. बाबांचंही असंच व्हायचं. टॅब त्यांचाच आहे तो, शेवटपर्यंत त्यांच्या हातात होता. ते गेल्यावर आई त्यावर वाचायची, पण तिला नजरेचा त्रास होऊ लागला म्हणून मी तिला नवा मोठा घेतला. जुना शेजारी ठेवला आणि पुस्तकं त्यात सगळी आपोआप उतरली. मग जुना पडून राहण्यापेक्षा म्हटलं तुझ्याकडे जाऊ दे. उजेड कमी करून पिवळसर ठेव, डोळे चुरचुरणार नाहीत. लॉन्ड्रीवाल्याला सांग, तो करून देईल.

आईचं जरा बरं नाही. तब्येतीने ठणठणीत आहे, पण विसरायला लागली आहे. काळजी करू नकोस. म्हणजे तू करणारच, पण थोडी कमी कर. आम्ही डॉक्टरांना दाखवतोय. तिने विचारलं तर मी तुला काही लिहिलं नाही असं सांग.

तुझी,
चिमणी

२ फेब्रुवारी

चि. चिमणीस, आशीर्वाद.

अंगठा नाही. मी खात्री करून घेतली आहे. सकाळी वाचून झालं, टॅब टॉवेलात गुंडाळला, कपाटावर ठेवला आणि केस कापायला गेलो. खोलीला बाहेरून कुलूप, किल्ली माझ्या खिशात. परत येऊन टॉवेल सोडला, तर माणसं वादळातून बाहेर पडून कुठल्याशा बंदरात उतरलेली. न्हाव्याकडे बसून मी जहाज बंदरात कसं नेणार?

आणखी एक. जिथे ते लोक वाट बघतात ना बेटापाशी, तिथे एका ओळीवर पिवळा रंग आहे. शाळेत मास्तर महत्त्वाच्या ओळीवर रेघ मारायला लावायचे, तसा. ओळ अशी आहे: "अजून थोडं थांबू. तो येतोच आहे." मी रंग लावलेला नाही. मला लावताच येत नाही. लॉन्ड्रीवाला म्हणतो, "मामा, बोट दाबून धरलं की होतं तसं." पण मी तर काचेला भीतभीतच हात लावतो.

तुला सांगू की नको असं झालंय, पण सांगतो. मला भाऊजींची आठवण येते. ते असेच भराभर वाचायचे. जेवताना चमचा हवेत आणि डोळे पुस्तकात. मी आलो की मान वर न करता म्हणायचे, "काय लिफ्टमन, वर की खाली?" ते गेले तेव्हा मी नीट भेटूही शकलो नाही. तर काल दुपारी मी टॅब समोर ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "भाऊजी, तुम्ही असाल तर एवढी घाई करू नका. मला जमत नाही." काच काळी झाली. तिच्यात माझंच तोंड दिसलं. मला माझीच भीती वाटली.

लिफ्ट चालवायचो तेव्हा कधीकधी रिकाम्या मजल्यावरून घंटी वाजायची. वर जावं तर कोणी नाही. नुसता कॉरिडॉर. मी दार उघडून उभा राहायचो आणि थोडं थांबून बंद करायचो. तिथे उगाच थांबायचं असतं, एवढं मला कळत होतं. का थांबायचं ते कधी कळलं नाही.

पण मी हट्टाला पेटलोय. आता सकाळी तर मागे आणतोच, दुपारी जेवण झाल्यावरही उघडून बघतो आणि पुन्हा मागे आणतो. बघू कोण थकतं.

ताई काय विसरते ते लिही. नुसतं "बरं नाही" म्हणून सोडू नकोस. मी त्याच शब्दांवर रात्रंदिवस विचार करत बसतो.

तुझा,
मामा

१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पिवळी ओळ बाबांचीच असणार. त्यांना तशी सवय होती. तेवढ्याने घाबरू नकोस.

आईचं लिहिते. बसून वाच.

ती रोज वाचते आणि रोज तेच वाचते. नव्या टॅबवर तीही तीच जहाजाची कादंबरी वाचतेय. मी सकाळी जाते तेव्हा ती म्हणते, "काल वादळ संपवलं गं मी. लोक बंदरात उतरले." मी बघते, तर टॅबवर बेटच. एकदा नाही, रोज. आधी हसून सोडून दिलं. मग ती चिडायला लागली. "मी खोटं बोलते का? मी वाचलंय. मला कोणीतरी उचलून मागे ठेवतं." हे ती कशी म्हणते माहीत आहे? अगदी शांतपणे. जणू शेजारच्याने कचऱ्याचा डबा हलवला.

गेल्या आठवड्यापासून ती म्हणते, दिवसातून दोनदा होतं. मामा, मी तिच्या समोर बसून रडले. आणि ती मलाच म्हणाली, "तुला झोप मिळत नाही का?"

डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासायला तिला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिने काढलं आणि त्यांना विचारलं, "तुमचं घड्याळ बंद आहे का, मला माझं दाखवायला लावता ते?" ते हसले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. त्यातून मध्ये एकदा दूध गॅसवर राहिलं आणि भांडं जळलं. तुझे जावई म्हणतात, आज भांडं जळलं, उद्या घर जळेल. मला त्यांच्याशी भांडता आलं नाही.

विसराळू माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे. स्वच्छ आहे, बाग आहे. दाराला बाहेरून कडी असते, पण ते सगळीकडेच असतं म्हणतात. एक मार्चपासून जागा मिळतेय. आईचं घर भाड्याचं, ते सोडून द्यायचं. एकदा सोडलं की त्या भाड्यात पुन्हा मिळणार नाही. तिला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं ते तूच सांग. तुझं ती ऐकते.

तुझी,
चिमणी

१६ फेब्रुवारी

चिमणे,

आशीर्वाद वगैरे नंतर. ताईला कुठेही पाठवू नकोस. घर सोडू नकोस. तो मी होतो. ताईला उचलून मागे ठेवणारा मी!

तुझं पत्र वाचलं. तसाच चपला न घालता खाली लॉन्ड्रीत गेलो. पत्र त्याच्यापुढे धरलं. तो कपड्याला इस्त्री करत होता. वाचता वाचता इस्त्री तशीच राहिली आणि कोणाच्या तरी शर्टाला भोक पडलं. मग त्याने मला नीट समजावलं. पुस्तक टॅबमध्ये नसतंच म्हणे. ते दुसरीकडे कुठेतरी असतं. टॅब म्हणजे नुसतं दार. दोन दारं, आत खोली एकच. ताई तिथे वाचते, तिची खूण पुढे सरकते, आणि माझ्याकडे उघडलं की मी त्याच जागी. मी मागे आणलं की तिचंही मागे.

मला तर लगेच कळायला हवं होतं गं. आयुष्यभर हेच केलं मी. लिफ्ट एक, मजले दोन, दोघं बटणं दाबून उभे, आणि प्रत्येकाला वाटतं की लिफ्ट आपल्यासाठी यायचं सोडून भलतीकडे चालली. मी खालून ओढत होतो आणि ताई वरून. त्यात तिचं डोकं बिघडलं असं सगळ्यांनी ठरवलं. मीच तिला वेड लावलं. आणि वर दिवसातून दोनदा, हट्टाने! तुझं ते वाक्य डोळ्यांपुढून हलत नाही.

डॉक्टरांना सांग. जावयांना सांग. दूध कोणाचं राहत नाही? माझं या महिन्यात दोनदा राहिलं. मला कोणी कडी लावली नाही.

टॅब बंद केला आहे. कपाटात, गरम कपड्यांखाली ठेवलाय. वायरही काढून लॉन्ड्रीवाल्याकडे दिली, म्हणजे मला मोहच नको. माझी कादंबरी राहिली तर राहू दे. ताईचं पुस्तक आता तिला सुखाने वाचू दे.

एक तारखेच्या आत उत्तर टाक. तोवर मला घास गोड लागायचा नाही.

तुझा मूर्ख मामा

२४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

एक तारीख टळली. आधी हे वाच, मग श्वास घे, मग पुढचं वाच.

तुझं म्हणणं खरं आहे. मी आईच्या टॅबवर शोधलं, तर त्यात दोन्ही टॅब जोडलेले दिसतात. पुस्तकांचं खातं बाबांच्या नावावर आहे आणि त्याचा पासवर्ड फक्त बाबांना ठाऊक होता, त्यामुळे ते वेगळं करता येत नाही. करायला गेलं तर पुस्तकं जातील अशी भीती वाटते. तेव्हा तू तो उघडू नकोस, एवढंच पुरे. तुझ्यासाठी मी दुसरा बघते.

डॉक्टर "हं" म्हणाले. तुझ्या जावयांनी मात्र आईची माफी मागितली. ती त्यांना म्हणाली, "ठीक आहे, चहा कर." त्यांनी केला. असला चहा मी कधी प्यायले नव्हते, पुन्हा पिणारही नाही. संस्थेने जागा वीस मार्चपर्यंत धरून ठेवतो म्हणून सांगितलं आहे. मी अजून नाही म्हटलेलं नाही. आता सगळं सुरळीत चाललंय हे बघते आणि मग कळवते.

एक गोष्ट मात्र मला समजत नाही. आईला आनंद व्हायला हवा होता. मी तिला सांगितलं की तो मामा होता. तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "तो होता होय." आणि टॅब उचलून आत गेली.

तुझी,
चिमणी

१४ मार्च

मामा,

घाईत लिहितेय. तू पुन्हा उघडलास का तो?

आईचं पान पुन्हा मागे जातंय. आठवडा झाला असेल. ती पुढे वाचते आणि सकाळी मी जाते तेव्हा टॅब बेटावर. आता तर नेमका त्या पिवळ्या ओळीवर. ती काही बोलत नाही, तक्रारही करत नाही. मीच बघितलं. विचारलं तर हसते.

तू उघडला असशील तर सांग. मी रागावणार नाही. तुला करमत नसेल, मला कळतं. पण तू नसशील, तर मग ते आईच करते आणि विसरते. दुसरा काही अर्थच नाही. तसं असेल तर डॉक्टरांचंच खरं होतं आणि मला संस्थेला हो म्हणावं लागेल. ते आता थांबायला तयार नाहीत. काल त्यांचा फोन आला होता.

एका शब्दात कळव. तू, की तू नाही?

चिमणी

१६ मार्च

चि. धाकट्यास, ताईचा आशीर्वाद.

चिमणीने तुला लिहिलं असणार. तिचं पाकीट मी तिच्या पिशवीत बघितलं. म्हणून मीही लिहायला बसले. तुला वाचायला शिकवलं ते असं कधीतरी उपयोगी पडावं म्हणून.

चिमणी सांगते, तू टॅब कपाटात ठेवलास. खरं ना? मला तुझा स्वभाव माहीत आहे. वायरसुद्धा दुसऱ्याकडे दिली असशील. म्हणजे आता मागे आणतोस तो तू नाहीस.

तुझं मागे आणणं मला आता ओळखता येतं. कधी बेटाच्या अलीकडे, कधी पलीकडे, जिथे तुझे डोळे थकले असतील तिथे. हे तसं नाही. हे एकाच ओळीवर येतं. चिमणीला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही, ती ओळ तुझ्या भाऊजींनी ज्या दुपारी रंगवली त्याच दुपारी ते गेले. खुर्चीत होते. मी आतून विचारलं, चहा टाकू का? "थोडं थांब," म्हणाले. मी थांबले. बाहेर आले तेव्हा टॅब छातीवर पालथा होता. उचलून बघितला, तर तीच ओळ, बोट नुकतंच काढल्यासारखी.

तुझ्यामुळे पान मागे यायला लागलं तेव्हा मला वाटलं, हे आलेत. मी चिमणीशी भांडायचे, पण मनातून सुखात होते. मग कळलं की तू. फार रिकामं वाटलं रे. तुझ्यावर रागावलेही. आणि आता हे पुन्हा सुरू झालं.

मी घाबरलेली नाही. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली, पान मागे घेतलं म्हणून काय बिघडलं? दिवसा मी पुढे वाचते, ते मागे आणतात. माझं डोकं ठिकाणावर आहे. दूध एकदाच जळलं. पण हे मी चिमणीला सांगितलं तर ती मला उद्याच त्या संस्थेच्या बागेत नेऊन बसवेल; फोनवर बोलताना ऐकलंय मी तिला. मला माझ्या खोलीतून जायचं नाही. इथेच ती खुर्ची आहे.

तुला जे लिहायचं ते लिही. मी काही सांगत नाही. पण तुला समजायला हवं तेवढं समजतं.

ताई

२५ मार्च

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

तू सांगितलं नाहीस तरी मला समजलं. चिमणीला मी लिहिलं, "हो, मीच. करमेना म्हणून लॉन्ड्रीवाल्याकडून वायर आणली आणि रोज ती ओळ उघडून बसतो. आता नाही करणार असं म्हणवत नाही. तू ताईला कुठे पाठवू नकोस." ताई, त्या पोरीशी मी जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो. पत्र पेटीत टाकलं. पाकीट आत पडल्याचा आवाजही आला नाही. तो मला हल्ली येतच नाही.

तिचं उत्तर लगेच आलं. भरपूर बोलली मला. "मामा, तू लहान मूल आहेस का?" आणि खाली लिहिलंय की संस्थेला तिने कायमचं नाही कळवलं. घरमालकालाही सांगितलं, आई इथेच राहणार. जावई तुझ्याकडे रोज सकाळी येऊन गॅस बघून जायचे, तेही आता गरज नाही म्हणून बंद केलं. म्हणजे आपल्याला हवं होतं तसं सगळं झालं.

मी खूश व्हायला हवं होतं. पण त्या दिवसापासून मला काही सुचत नाही.

आज सकाळी कपाट उघडलं. गरम कपडे बाजूला केले. टॅब होता तसाच होता, गार, काळा. बटण दाबलं, काही झालं नाही. लॉन्ड्रीवाल्याला वर बोलावून दाखवला. तो म्हणाला, "मामा, यात जीवच नाही. महिनाभर चार्ज केलेला नाही." मी त्याला विचारलं, बंद असतानाही यातून पान हलतं का कधी? तो म्हणाला, "कसं हलेल?" आणि मग माझ्याकडे असा बघत राहिला की मी टॅब परत झाकून ठेवला.

म्हणजे मी नाही. हे मला पक्कं कळलं. आता उरतात दोघं, तू किंवा ते. तू असशील, तू मागे आणतेस आणि विसरतेस, तर मी फार वाईट केलंय. कारण तुझ्याकडे बघणारं प्रत्येक माणूस मी माझ्या खोट्याने घरी पाठवलंय. सगळे निर्धास्त झालेत. आणि ते असतील, तर... ताई, मला भाऊजींबद्दल वाईट बोलायचं नाही. त्यांनी माझं कधी वाकडं केलं नाही. पण त्या ओळीवर ते कोणाला थांबवून ठेवताहेत, ते मला विचारावंसं वाटतं आणि विचारवतही नाही. दोन्हीतलं काय खरं असावं असं मला वाटतं, हेही मला ठरवता येत नाही. पहिली गोष्ट खरी असली तरी वाईट, आणि दुसरी असली तरी वाईट.

तू लिहितेस, दिवसा पुढे वाचते. रोज वाचतेस ना? खरं सांग. त्यांना आणायचं तर आणू देत मागे, तो त्यांचा प्रश्न. तू मात्र रोज पुढे जायचं. वादळ ओलांडायचं, बंदरात उतरायचं. एक दिवस आळस केलास, म्हणालीस आज राहू दे, आज इथेच बसते जरा, ते येतील तोवर, तर मला इथे बसून कळणारसुद्धा नाही. माझं दार बंद आहे. टॅब चालू केला तर तू कुठे आहेस ते दिसेल, पण आता तो चार्ज करून चालू करायची हिंमत नाही. तिथे तुझ्याआधी दुसरं कोणी असलं तर?

चिमणी येते तेव्हा दार लगेच उघडत जा. तिला वाट बघायला लावू नकोस. भाऊजींच्या त्या खुर्चीत बसून वाचू नकोस. खिडकीशी बस, रस्ता दिसेल अशी.

आणि हे पत्र मिळाल्या मिळाल्या उत्तर टाक. मोठं लिहू नकोस, नुसतं लिही की आज कुठवर वाचलंस. पोस्टमन या गल्लीत दुपारी येतो. मी खाली लॉन्ड्रीच्या पायरीवर बसलेलो असेन. लवकर कळव, ताई. फार लवकर.

तुझा,
धाकटा